पेसमेकर बसवला, आता तो तपासायचा कुठे? राज्यातल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य सेवा आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

महोदय/महोदया,

मी आजरा तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वैद्यकाचा मला गंध नाही. पत्र लिहायचं कारण माझ्या आईचा पेसमेकर, आणि तो बसवल्यानंतरची पाच वर्षं.

मे 2016 मध्ये आई परसात शेणी रचताना पडली. पंधरा दिवसांतली ही तिसरी खेप. "काय न्हाई रं, जरा आंधारी आली," म्हणून पदर झटकून उठायला लागली, पण तोंड पांढरंफटक पडलेलं. मनगट धरून घड्याळ लावलं, तर मिनिटाला 34 ठोके. वाटलं, मोजण्यात चुकलो. पुन्हा मोजले, तरी 34. ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि पेनाने खुणा करून दाखवलं: हृदयाचे वरचे कप्पे आपल्या चालीने चाललेत, खालचे आपल्या, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. 108 आली, रात्री कोल्हापुरात मानेतून तात्पुरती वायर टाकली आणि तिसऱ्या दिवशी डाव्या खांद्याखाली कायमचा पेसमेकर बसला. आमचं रेशनकार्ड केशरी. योजनेचं नाव तेव्हा राजीव गांधी जीवनदायी होतं, पुढच्या वर्षी ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य झालं. ऑपरेशनला आम्हाला एक रुपया पडला नाही. त्याबद्दल शासनाचे आभार मानायला मला कसलाही संकोच वाटत नाही. तक्रार त्याच्या पुढची आहे.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी इंग्रजीत एक ओळ होती: तीन महिन्यांनी प्रोग्रॅमिंगसाठी यावे. ऑगस्टच्या पावसात आईला घेऊन एसटीने 80-85 किलोमीटर गेलो. ओपीडीत कळलं की पेसमेकर डॉक्टर तपासत नाहीत, कंपनीचा माणूस येऊन तपासतो, आणि तो आज दुसऱ्या शहरात आहे. दिवाळीनंतर पुन्हा गेलो. या वेळी माणूस होता, मशीनही होतं, पण दुसऱ्या कंपनीचं. एका कंपनीचं मशीन दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरशी बोलत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या खेपेआधी शहाणपणा करून कार्डावरच्या नंबरवर फोन लावला, तर त्या मुलाने नोकरी बदललेली. आई म्हणाली, "मला बरं वाटतंय की. कशाला हेलपाटं?" मीही मान डोलावली. पोरांना वीज शिकवणारा माणूस मी, पण माझ्याही डोक्यात हेच होतं की यंत्र एकदा बसलं की बसलं, भिंतीवरच्या घड्याळासारखं, बॅटरी संपली की बघू.

इथेच आम्ही चुकलो. आमच्यासारखी किती घरं चुकत असतील, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असणार.

आता थोडं भौतिकशास्त्र, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पोचणार नाही. पेसमेकर हृदयाला 'शॉक' देतो असं सगळे म्हणतात. सिनेमात छातीवर दोन पट्ट्या ठेवून रुग्णाला उडवतात, ते चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असतं. पण पेसमेकरचं काम फारच हळुवार असतं. समजा यंत्रातून हृदयात गेलेल्या वायरच्या टोकाला 2.5 व्होल्ट, एका सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागापुरते, आणि वाटेतला रोध 500 ओहम. व्होल्टचा वर्ग गुणिले वेळ, भागिले रोध. उत्तर येतं 5 मायक्रोज्यूल. वर्गात मी हे गणित घालतो आणि विचारतो की एवढ्या ऊर्जेत काय होईल. साधारण एक डास वीतभर वर उचलला जाईल, एवढंच. तरी तेवढ्याने मूठभर आकाराचं हृदय आकुंचन पावतं, कारण वायरच्या टोकाशी असलेल्या चिमूटभर पेशीच तेवढ्या जाग्या करायच्या असतात. जागी झालेली पेशी शेजारणीला जागं करते, ती तिच्या शेजारणीला. वाळल्या गवताला काडी लावल्यावर पुढचं काम गवतच करतं, तसं. उजव्या वरच्या कप्प्यात जन्मापासून हेच काम करणारा पेशींचा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या दोघांनी तो 1907 मध्ये शोधला. आईचा तो पुंजका ठीक होता, त्याचा निरोप खाली पोचत नव्हता.

मात्र काडी पेटायला किमान जोर लागतोच. त्याला डॉक्टर थ्रेशोल्ड म्हणतात. त्याहून जरा कमी पडलं तर काहीच होत नाही, आणि जास्त दिलं म्हणून ठोका मोठा पडत नाही. नवी वायर टोचली की तिच्या टोकाशी सूज येते, थ्रेशोल्ड वर जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीला यंत्र मुद्दाम जास्त व्होल्टवर ठेवतात, बहुतेक वेळा 3.5 किंवा त्याच्या आसपास. दीड-दोन महिन्यांत सूज उतरते. मग तपासायचं, थ्रेशोल्ड किती ते बघायचं, आणि त्याच्या दुप्पट-अडीचपट सुरक्षित अंतर ठेवून व्होल्ट खाली आणायचे. 'तीन महिन्यांनी प्रोग्रॅमिंग' या ओळीचा अर्थ हा होता. तो आम्हाला कोणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

डिसेंबर 2021 मध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेसमेकरचा रिपोर्ट आणल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितलं. त्यांचे उपकार. पत्र्याच्या ट्रंकेतून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं पेसमेकरचं कार्ड काढलं. शाई इतकी पुसट झालेली की मॉडेल नंबर वाचायला मोबाईलचा टॉर्च लागला. बेळगावहून कंपनीचा एक मुलगा आला, असेल पंचविशीचा. त्याने आईच्या खांद्याखाली, साडीच्या वरूनच, माऊससारखं एक उपकरण ठेवलं आणि लॅपटॉपसारख्या मशीनवर साडेपाच वर्षांचा हिशोब उलगडला. पडद्यावर ईसीजी सरकत होता. त्याने व्होल्ट एकेक पायरी खाली आणायला सुरुवात केली. दोन, दीड, एक, पाऊण, आणि अर्ध्यावर आल्यावर उभी रेघ उमटली पण तिच्यामागे ठोका नाही. आई म्हणाली, "आत्ता कसंतरी झालं बघ." त्याने लगेच वर नेलं. थ्रेशोल्ड 0.75. आणि यंत्र चाललं होतं 3.5 वर. ऑपरेशनच्या दिवशी ठेवलं होतं तिथेच, साडेपाच वर्षं.

त्याने ते 2 वर आणलं. पुन्हा गणित करा: 3.5 चा वर्ग 12.25, 2 चा वर्ग 4. प्रत्येक ठोक्यामागे तिप्पट ऊर्जा उगाच जात होती, आणि मिनिटाला 60 धरले तरी दिवसाचे 86,400 ठोके होतात. बॅटरी फक्त ठोक्यांवर खर्च होत नाही, यंत्राच्या आतलं सर्किटही तिच्यावरच चालतं, त्यामुळे आयुष्य काही तिप्पट होत नाही. तरी मशीनने आधी दाखवलेली शिल्लक दोन वर्षं होती, व्होल्ट कमी केल्यावर ती जवळजवळ तीन झाली. उरलेल्या थोडक्या बॅटरीत एक वर्ष वाढलं. पहिल्या तीन महिन्यांत हेच दहा मिनिटांचं काम झालं असतं, तर? हिशोब तुम्हीच करा.

आता काही यंत्रं स्वतःच थ्रेशोल्ड मोजून व्होल्ट कमी-जास्त करतात, हे मला माहीत आहे. आईचं त्यातलं नव्हतं. योजनेतून बसलेली सगळी यंत्रं तशी असतील, असं गृहीत धरण्यात अर्थ नाही.

जानेवारी 2025 मध्ये आईचं यंत्र बदललं. 'बॅटरी बदलली' असं आपण म्हणतो खरं, पण बदलतात तो अख्खा डबा. वायर जुनीच ठेवून तोच कप्पा पुन्हा उघडायचा. अशा दुसऱ्या ऑपरेशनात जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. आई तेव्हा 79 वर्षांची होती. दोन महिने जखमेकडे बघत काढले. आणि हा खर्च पुन्हा योजनेनेच केला. माझ्या आईची गोष्ट बाजूला ठेवली, तरी शासनाच्या तिजोरीने एक यंत्र वेळेआधी दुसऱ्यांदा विकत घेतलं, एवढी गोष्ट उरतेच.

जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर स्वीडनमध्ये, 8 ऑक्टोबर 1958 रोजी, आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसला. ओके सेनिंग हे सर्जन आणि रुने एल्मक्विस्ट हे इंजिनियर. वयाच्या 43व्या वर्षी लार्सनला दिवसातून अनेकदा हृदय थांबून चक्कर यायची. त्याच्या बायकोने, एल्स-मारीने, या दोघांचा पिच्छा पुरवला म्हणून तो प्रयोग झाला. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून, त्यात इपॉक्सी ओतून ते यंत्र घडवलं होतं. ते काही तासच चाललं. हा किस्सा लोक रंगवून सांगतात आणि इथेच थांबतात. लार्सन त्यानंतर आणखी 43 वर्षं जगला आणि 2001 मध्ये, 86 वर्षांचा असताना, कर्करोगाने गेला. एवढ्या काळात त्याला 26 पेसमेकर लागले. पंचवीस वेळा कोणीतरी बघितलं, कोणाच्या तरी लक्षात आलं की हे यंत्र आता संपतंय, आणि कोणीतरी पुढचं बसवलं. शोध लावणाऱ्यांची नावं इतिहासात राहिली, नेमाने तपासणाऱ्यांची राहिली नाहीत, पण लार्सन त्यांच्यामुळेही जगला.

तपासणी किती वेळा व्हावी याबद्दल मतभेद नाहीत. अमेरिका आणि युरोपातल्या हृदयलय-तज्ज्ञांच्या संघटनांनी 2008 मध्येच लिहून ठेवलंय: बसवल्यावर 72 तासांत एकदा, मग 2 ते 12 आठवड्यांत, त्यानंतर दर 3 ते 12 महिन्यांनी, आणि बॅटरी संपायला आली की आणखी लवकर. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना हे तोंडपाठ असणार. प्रश्न ज्ञानाचा नाही, एसटीचा आहे, आणि कंपनीच्या त्या मुलाचा आहे. एकेकट्याकडे चार-पाच जिल्हे, पाठीवर मशीन, आज कोल्हापूर तर उद्या रत्नागिरी. त्या पोरांवर माझा राग नाही, बेळगावच्या मुलाने तर आमच्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. पण सरकारने पैसे मोजलेल्या उपचाराचा दुसरा अर्धा भाग एखाद्या विक्री-प्रतिनिधीच्या सवडीवर का टांगलेला असावा?

म्हणून मागणी करतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांतून एक दिवस पेसमेकर तपासणीचा असावा. तारीख वर्षाच्या सुरुवातीला जाहीर व्हावी आणि त्या दिवशी ज्या ज्या कंपन्यांची यंत्रं योजनेतून बसलीत, त्या सगळ्यांची मशीनं एका खोलीत हजर असावीत. कंपन्या येतील का? योजनेच्या खरेदीच्या करारात अट घाला, येतील. यंत्र विकताना त्या सगळ्या येतात. योजनेतल्या काही उपचारांना पुढच्या तपासण्यांचं पॅकेज जोडलेलं असतं, पेसमेकरच्या बाबतीत तो पाठपुरावा यंत्राच्या अख्ख्या आयुष्याएवढा हवा. ज्यांना बसवलाय त्यांची यादी तुमच्याकडे आहे, कारण बिलं तुम्हीच भरलीत. आशाताईंच्या फोनवर नाव आणि तारीख गेली तर निम्मं काम होईल.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त आहे. बेळगावच्या मुलाने त्या दिवशी बॅगेतून मेदूवड्यासारखं मधे भोक असलेलं एक चुंबक काढून आईच्या पेसमेकरवर ठेवलं. ठोके ताबडतोब मिनिटाला 85 झाले, ठरावीक, घड्याळासारखे. काढलं की पूर्ववत. मी अवाक. म्हणाला, "सर, यांच्या यंत्रात बॅटरी ठीक असेल तर चुंबकावर 85 येतात. बदलायची वेळ झाली की 65. दुसऱ्या एका कंपनीत 100 चे 85 होतात." म्हणजे आत एक स्विच आहे, चुंबकाने तो फिरतो आणि यंत्र ठोक्यांच्या वेगातून आपल्या बॅटरीची स्थिती सांगतं. ना लॅपटॉप, ना कंपनीचा माणूस! एक चुंबक, ईसीजीची पट्टी आणि भिंतीवर कोणत्या कंपनीचा कोणता वेग याचा तक्ता. ईसीजी तर आमच्या ग्रामीण रुग्णालयातही आहे. व्होल्ट यातून कमी करता येत नाहीत, पण बॅटरी संपत आलेला माणूस सापडतो. आईचं यंत्र बदलायला आलंय हे आम्हाला असंच कळलं. गडहिंग्लजच्या आमच्या डॉक्टरांनी चुंबक ठेवला, ईसीजीवर 65 मोजले आणि स्वतः कोल्हापुरात फोन केला. आई तेव्हा म्हणत होती, थंडीमुळे दम लागतोय.

यात पथ्यं आहेत, आणि ती मी लपवत नाही. मोठा झटका देणारं जे दुसरं यंत्र असतं, आयसीडी, त्यावर चुंबक ठेवला तर त्याचा झटकाच थांबतो, म्हणून आधी कार्ड बघायचं आणि मग चुंबक. हृदयाच्या आतच बसणाऱ्या बिनवायरच्या नव्या यंत्रांतल्या काहींवर चुंबकाचा परिणामच होत नाही. घरी कोणी करू नये. मला स्वतःला प्रयोगशाळेतला चुंबक घरी न्यायचा मोह झाला होता, बायकोने कपाटाला कुलूप लावायची धमकी दिली. पण प्रशिक्षित तंत्रज्ञाने, समोर ईसीजी चालू ठेवून करायला एका दिवसाचं शिक्षण पुरेल.

तिसरी गोष्ट कार्डाची. आईच्या कार्डावर एक अक्षर मराठीत नव्हतं. परिणाम असा की पाच वर्षं ती मिक्सरजवळ गेली नाही, पाट्यावर चटणी वाटत राहिली, आणि मोबाईल मात्र पोलक्यात, नेमका यंत्रावर ठेवत होती. खरं उलटं आहे. मिक्सरला भ्यायचं कारण नाही. मोबाईल वीतभर लांब, दुसऱ्या बाजूच्या कानाला. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन हात मागे. एमआरआयच्या आधी कार्ड दाखवायचं, कारण काही यंत्रांना तो चालतो, काहींना नाही. पुढची तपासणी कधी, कुठे. एवढं सगळं पोस्टकार्डाएवढ्या जागेत मराठीत मावतं.

आणि एक ओळ अशी, जी लिहायला कोणी तयार नसतं. पेसमेकरसह देह चितेवर किंवा विद्युतदाहिनीत गेला तर बंद डब्यातली बॅटरी उष्णतेने फुटते. इंग्लंडमध्ये सोलिहल इथल्या दाहिनीत 1976 मध्ये असा स्फोट नोंदला गेला. तिथे दहनाच्या कागदपत्रांत पेसमेकर आहे का, हे विचारतात. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी एका आजोबांच्या वेळी कोणाला सुचलंच नाही. मोठा आवाज झाला, जवळ उभा असलेला थोरला मुलगा मागे कोलमडला. इजा झाली नाही. लोकांनी त्याचे काय काय अर्थ लावले, ते इथे सांगत नाही. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी घरच्यांना एवढंच विचारावं आणि छोटा छेद देऊन यंत्र काढून घ्यावं. आईला मी ही ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "लिही की. मला काय त्याचं? पोरांस्नी भ्या वाटाय नको."

मराठी कार्डाचा मसुदा मी तयार केलाय. आमच्या गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी तो तपासून दोन ठिकाणी तांबड्या पेनाने दुरुस्त्या केल्यात. सोबत जोडतो, हवा तसा बदला, माझं नाव घालू नका. तालुक्यात पेसमेकर असलेल्या सतरा जणांची यादीही माझ्याकडे जमलीय, शाळा-कॉलेजच्या मुलांकडून विचारत विचारत. त्यातल्या अकरा जणांना बसवल्यापासून एकदाही तपासलेलं नाही. नावं इथे देत नाही, पण तुमचा माणूस आला तर त्याच्यासोबत मी घरोघर फिरेन. शनिवारी कॉलेज सकाळचं असतं, दुपारनंतर मी मोकळा असतो.

आपला,
एक भौतिकशास्त्राचा शिक्षक
आजरा तालुका, जि. कोल्हापूर